‘तोर्तीया’ म्हणजे नेमकें काय ?

परकी भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याचा शब्दकोशावर फार विश्वास असतो. डाव्या बाजूस परका शब्द, उजव्या बाजूस आपला शब्द, मध्यें एक रेघ. एवढें पाठ केलें कीं भाषा आली, अशी त्याची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हें दाखविण्यास तत्त्वज्ञानांतील अवघड शब्द धुंडाळण्याची गरज नाहीं. स्वयंपाकघरांतील एखादा साधा शब्दही पुरतो. असाच एक शब्द आम्हीं येथें स्पॅनिश भाषेंतून घेतला आहे. तो शब्द तोर्तीया. रोमन लिपींत त्यांत ‘एल्’ हें अक्षर जोडून दोनदां येतें, आणि अशा जोड-एल्‌चा उच्चार स्पॅनिश लोक बहुतेक ठिकाणीं ‘य’सारखा करितात. आपल्याकडील दुकानांत पाकिटांवर ‘टॉर्टिला’ असें जें छापलेलें दिसतें तो इंग्रजी वाचनाचा प्रताप समजावा.

समजा, एक प्रवासी स्पेनची राजधानी माद्रिद येथील एका खाणावळींत जाऊन बसला व त्यानें तोर्तीया मागितली. त्याच्यापुढें अंडीं व बटाटे यांची, दोन बोटें जाडीची, सोनेरी रंगाची आणि केकाप्रमाणें त्रिकोणी कापलेली एक फोड येईल. तोच प्रवासी पुढें अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिको शहरीं गेला आणि तोच शब्द त्यानें त्याच सुरांत उच्चारला, तर फडक्यांत गुंडाळलेल्या, मक्याच्या पातळ, गरम भाकऱ्यांची चळत त्याच्यासमोर ठेवण्यांत येईल. तींत अंडें नाहीं, बटाटा नाहीं, तेलाचा थेंबही नाहीं. दोन्ही खाणावळवाल्यांची भाषा एक, व्याकरण एक, शब्द एक. आणि ताटांत पडलेले पदार्थ मात्र असे कीं, त्यांना एकमेकांचे नातलग म्हणावयासही कोणी धजणार नाहीं.

तरी नातें आहे, आणि तें शोधण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. उत्तरकालीन लॅटिन भाषेंत ‘तोर्ता’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ गोल भाकर. संत जेरोम यानें चौथ्या शतकाच्या अखेरीस व पांचव्याच्या आरंभीं शास्त्राचें जें लॅटिन भाषांतर केलें, त्यांत निर्गमाच्या पुस्तकांत याजकांच्या दीक्षाविधीच्या प्रसंगीं टोपलींतून काढावयाच्या भाकरीस त्यानें हाच शब्द योजिला आहे. स्पॅनिश भाषेनें तो वारशानें घेतला. आतां स्पॅनिशमध्यें एखाद्या नामास ‘ईया’ हा प्रत्यय लावला म्हणजे त्या वस्तूचें लहान रूप सुचविलें जातें. ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध. त्यावरून झालेला ‘गेर्रीया’ म्हणजे लहानसें युद्ध, हाच शब्द इंग्रजींतून ‘गेरिला’ होऊन आपल्या वर्तमानपत्रांत आला आहे. ‘वाय्‌ना’ म्हणजे म्यान किंवा शेंग. तिचें लहान रूप तें ‘वाय्‌नीया’, म्हणजेच आपल्या मुलांच्या आवडीची व्हॅनिला. त्याच रीतीनें तोर्तीया म्हणजे लहानशी तोर्ता. आमच्या वाचकांत खेडेगांवचीं जीं मुलें असतील त्यांना आम्ही एका शब्दांत सांगूं : चानकी. आई मोठ्या भाकऱ्या थापून झाल्यावर उरल्या पिठाची लहानग्यासाठीं जी इवलीशी भाकर करिते, ती.

म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ पिठाचा, अंड्याचा नव्हे. मग स्पेनमध्यें अंड्यानें तो बळकावला कसा ? कारण सरळ आहे. लोकांच्या डोळ्यांपुढें पीठ नव्हतें, आकार होता. तव्यावरचें जें जें गोल व चपटें, तें तें तोर्तीया. तिसऱ्या फिलिप राजाच्या मुदपाकखान्याचा मुख्य आचारी फ्रान्सिस्को मार्तीनेझ मोन्तीन्यो यानें इ. स. १६११ मध्यें पाकशास्त्रावर ग्रंथ छापिला. त्यांत अंड्यांच्या तोर्तीयांच्या कृती आहेत. तेव्हां त्या काळीं हा अर्थ राजवाड्यापर्यंत पोहोंचला होता असें दिसतें. या प्रकाराला हंसण्याचा अधिकार आपणां महाराष्ट्रीयांस मुळींच नाहीं. आपल्या घरोघरीं डाळीच्या पिठांत टोमॅटो, कांदा व मिरची घालून जें धिरडें करितात त्यास आपण बेलाशक ‘टोमॅटो ऑम्लेट’ म्हणतों, आणि जन्मांत अंडें न शिवलेल्या आजीबाईही तें मिटक्या मारीत खातात. स्पेनमध्यें पिठाचें नांव अंड्याला गेलें, आपल्याकडे अंड्याचें नांव पिठाला आलें. दोन्हीकडे साक्षी तवाच !

आज स्पेनमध्यें नुसतें अंडें फेटून केलेल्या प्रकारास ‘फ्रेंच तोर्तीया’ म्हणतात, आणि बटाट्याची ती खरी घरची. तिची कृती दिसते तितकी सोपी नाहीं. बटाट्याच्या पातळ चकत्या भरपूर ऑलिव्ह तेलांत, कुरकुरीत न होऊं देतां, मंद आंचेवर शिजवावयाच्या. तेल निथळून त्या फेटलेल्या अंड्यांत मुरूं द्यावयाच्या. मग तें सर्व कढल्यांत ओतून, खालची बाजू धरली कीं वर ताटली झांकून, एका दमांत उलटें करावयाचें. या उलटण्यांतच स्वयंपाकिणीची परीक्षा. तिच्यांत कांदा घालावा कीं घालूं नये या प्रश्नावर त्या देशांत दोन पक्षच पडले आहेत, आणि उभय पक्षांस स्वतंत्र नांवेंही आहेत. कांद्यावांचून ज्यांचें पान हलत नाहीं अशा देशस्थ मुलखांत राहणारे आम्ही कोणत्या बाजूचे हें सांगणें नको.

ही बटाट्याची तोर्तीया कोणीं शोधून काढिली याविषयीं एक लोकप्रिय कथा आहे. इ. स. १८३५ च्या सुमारास, गादीच्या वारसाहक्कावरून स्पेनमध्यें यादवी चालू असतां, सुमालाकारेगी नांवाच्या सेनापतीस एका गरीब शेतकरीण बाईनें घरांत होतें तेवढ्यावर, म्हणजे अंडें, बटाटा व कांदा यांवर, जेवूं घातलें, आणि सेनापतीनें तोच पदार्थ आपल्या फौजेंत चालू केला, असें सांगतात. कथा गोड आहे, पण इ. स. १८१७ चा एक कागद तिच्या आड येतो. नाव्हार्रा प्रांताच्या प्रतिनिधिसभेकडे आलेल्या एका निनांवी अर्जांत खेड्यांतील गरिबांच्या हालअपेष्टा वर्णिल्या आहेत, व त्यांत असें म्हटलें आहे कीं, आमच्या बायका दोन-तीन अंड्यांत बटाटे किंवा पावाचा चुरा मिसळून ती तोर्तीया मोठी व जाड करितात आणि तेवढ्यांत पांच-सहा माणसें जेवितात. आमच्या मतें सेनापतीच्या कथेपेक्षां हा अर्जच अधिक मोलाचा आहे. आज ज्या पदार्थाचा स्पॅनिश लोक राष्ट्रीय पदार्थ म्हणून अभिमान बाळगतात, तो अंडीं पुरवठ्यास आणण्याची युक्ति म्हणून जन्मला, हें त्यावरून दिसतें.

बटाटा हाही मूळचा स्पेनचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेंतील डोंगराळ मुलखांतून सोळाव्या शतकांत तिकडे गेला. त्याचें तिकडील नांव ‘पापा’. कॅरिबियन बेटांतील रताळ्याचें नांव ‘बटाटा’. स्पेनमधील लोकांनीं या दोहोंची खिचडी करून ‘पाताता’ केलें, आणि पोर्तुगीजांकडून आपल्या किनाऱ्याला जो ‘बटाटा’ मिळाला तो शब्द वस्तुतः रताळ्याचा होता.

आतां मेक्सिकोकडे वळूं. एर्नान कोर्तेस इ. स. १५१९ मध्यें त्या किनाऱ्यावर उतरला तेव्हां तेथील लोक मक्याची जी पातळ भाकर खात होते तिला त्यांच्या नाव्हात्ल् भाषेंत ‘त्लाश्कल्ली’ म्हणत. ज्या भाषेनें जगाला टोमॅटो व चॉकलेट हे शब्द दिले तीच ही भाषा. त्लाश्काला या नांवाचें एक राज्यही तेथें होतें, आणि त्या नांवाचा अर्थ भाकरींचें ठिकाण असाच करितात. नवागतांच्या जिभेस हा शब्द पेलला नाहीं. त्यांनीं पदार्थ पाहिला. तो गोल होता, चपटा होता, तव्यावर भाजलेला होता. त्यांनीं त्यास आपल्या पेटाऱ्यांतील तयार नांव चिकटविलें. पुढें जे धर्मोपदेशक तेथें गेले त्यांनीं मात्र प्रभूच्या प्रार्थनेचें नाव्हात्ल् भाषांतर करितांना रोजच्या भाकरीसाठीं तेथील लोकांचा ‘त्लाश्कल्ली’ हाच शब्द घेतला. आपल्या मराठी भाषांतरकारांनीं ‘पाव’ न घालतां ‘भाकर’ घातली, तद्वत्.

या भाकरीची कृती आपल्या भाकरीसारखी दिसते, पण तिच्यांत एक मोठें अंतर आहे, आणि या लेखाचें मर्म तेथेंच आहे. आपण ज्वारी कोरडी दळतों व गरम पाण्यांत पीठ मळतों. मेक्सिकोची गृहिणी मक्याचे दाणे आदल्या दिवशीं चुना मिसळलेल्या पाण्यांत शिजवून रात्रभर तसेच ठेवी. सकाळीं ते चोळून धुतले कीं वरचें टरफल सुटून येई. मग तीन पायांच्या दगडी पाट्यावर गुडघे टेकून ती ते ओले दाणे वांटीत बसे. या वांटलेल्या गोळ्यास स्पॅनिशमध्यें ‘मासा’ म्हणतात. कोंकणांतील आमच्या वाचकांनीं दचकूं नये, त्याचा समुद्राशीं कांहीं संबंध नाहीं. गोळा दोन तळहातांमध्यें थापटून त्याची पोळी करावयाची आणि मातीच्या तव्यावर टाकावयाची. मोठ्या कुटुंबांत हें काम रोज कित्येक तास चाले. आपल्याकडे पहाटेच्या जात्यानें स्त्रियांचे जेवढे श्रम खाल्ले, तेवढे किंवा त्याहून अधिक तिकडे या पाट्यानें खाल्ले. विसाव्या शतकांत गिरण्या व पुढें भाकरी लाटणारीं यंत्रें आलीं तेव्हां कोठें त्या उठल्या.

तो चुना कशासाठीं ? टरफल काढण्यासाठीं व गोळ्यास चिकटपणा यावा म्हणून, असें कोणीही सांगेल. आणि तेवढ्यापुरतें तें खरें आहे. युरोपीय लोकांसही तेवढेंच दिसलें. त्यांनीं मक्याचें बीं जहाजांतून घरीं नेलें, तें तेथें उत्तम पिकलें, गहूं ज्यांना परवडत नव्हता अशा गरीब शेतकऱ्यांचें तेंच मुख्य अन्न झालें. पण चुन्याची खटपट कोणीं नेली नाहीं. दाणे दळण्यास गिरण्या होत्या, मग पाण्यांत उकळीत कोण बसतो ?

इ. स. १७३५ मध्यें स्पेनच्या उत्तरेकडील आस्तूरियास प्रांतांत गास्पार कासाल नांवाच्या वैद्यास एक विचित्र रोग आढळूं लागला. हातापायांची व गळ्याभोंवतालची कातडी तांबडी होऊन खरखरीत व्हावयाची, पोट सुटावयाचें, पुढें बुद्धीचा भ्रम व्हावयाचा आणि अखेर रोगी दगावावयाचा. हे रोगी बहुतेक मक्यावर गुजराण करणारे दरिद्री लोक आहेत व दूध किंवा मांस त्यांच्या वाट्यास क्वचित् येतें, हें कासालनें टिपून ठेविलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १७६२ मध्यें प्रसिद्ध झाला. उत्तर इटलींत याच रोगास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत त्यानें हजारों लोक नेले. हा संसर्गजन्य रोग असावा असा तेथें बहुतेकांचा ग्रह होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं इ. स. १९१४ पासून अनाथाश्रमांतील मुलांस दूध, अंडीं व मांस देऊन रोग नाहींसा होतो हें दाखविलें, आणि इ. स. १९३७ मध्यें कॉन्राड एल्व्हेम् या शास्त्रज्ञानें त्यामागील पोषक द्रव्य निश्चित केलें. त्यास आज आपण नायसिन म्हणतों.

गंमत अशी — आणि गंमत हा शब्द येथें जड मनानेंच वापरावा लागतो — कीं हें नायसिन मक्यांत असतें. पण तें अशा रीतीनें जखडलेलें असतें कीं माणसाच्या पोटास त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. चुन्याच्या पाण्यांत दाणे शिजले म्हणजे तें मोकळें होतें. शिवाय चुन्यांतील कॅल्शियम भाकरींत उतरतें तें वेगळेंच. मेक्सिकोच्या निरक्षर स्त्रियांना नायसिनचें नांवही माहीत नव्हतें, परंतु शतकानुशतकें मका खाऊनही त्यांच्या लोकांत या रोगानें तसें थैमान घातलें नाहीं. आपल्या दख्खनच्या पठारावरही जवळ जवळ केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब मजुरांत हा रोग आढळतो, असें हैदराबाद येथील संशोधक डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९६० च्या सुमारास नोंदविलें. तेथें कारणाची मीमांसा थोडी निराळी झाली. एकाच धान्यावर जगण्याची सक्ति मात्र तीच.

आम्हांस वाटतें कीं, ‘तोर्तीया’ या नांवाचाही या दुर्दैवांत कांहीं अंश असावा. ज्यानें परक्याच्या भाकरीस आपल्या भाकरीचें नांव दिलें त्याला ती आपणांस ठाऊकच आहे असें वाटूं लागतें, आणि ती कशी करितात हें विचारावयाचें राहून जातें.

या शब्दाचीं इतर बिऱ्हाडें आतां झपाट्यानें पाहून घेऊं. मध्य अमेरिकेंत मेक्सिकोचाच अर्थ चालतो, भाकर तेवढी जाड होते. चिली देशांत गरम राखेंत पुरून भाजलेल्या गव्हाच्या रोटीस तोर्तीया म्हणतात. वऱ्हाडांत रोडगे करणाऱ्यांस ती ओळखीची वाटेल. आर्जेंटिनांत बटाट्याच्या तोर्तीयेचा स्पेनी अर्थ रूढ आहे, पण त्याच देशाच्या सांतियागो देल एस्तेरो प्रांतांत निखाऱ्यांवर जाळीवर भाजलेली कणकेची पोळी हीच तोर्तीया. खुद्द स्पेनमध्यें कादिझच्या किनाऱ्यावर हरभऱ्याच्या व गव्हाच्या पिठांत बारीक कोळंबी घालून कुरकुरीत धिरडीं तळतात. त्यांस तोर्तीयेचेंही आणखी लहान रूप करून ‘तोर्तीयीता’ म्हणतात. म्हणजे चानकीची चानकी !

आई जी तोर्ता, तिचा संसार तर याहून गुंतागुंतीचा आहे. स्पेनमध्यें ती ऑलिव्ह तेलाची खुसखुशीत गोड पोळी; तेथील कासेरेस प्रांतांत चपट्या आकारामुळें एका चीजचें नांव; आणि बोलण्यांत, गालावर बसलेली चपराक. आपल्याकडेही चापट व चपाती हे शब्द शेजारीं शेजारीं बसतात. मेक्सिकोंत तोर्ता म्हणजे पाव चिरून त्यांत मांस, भाजी वगैरे भरलेला पदार्थ. आर्जेंटिना, चिली, व्हेनेझुएला या देशांत तोर्ता म्हणजे वाढदिवसाचा केक. मेक्सिकोच्या पाहुण्यास ब्वेनोस आयरेस येथें वाढदिवशीं तोर्ता खावयास बोलाविलें तर तो वडापावासारखें कांहीं तरी मिळेल या आशेनें जाईल व त्याच्यापुढें मेणबत्त्या लाविलेला केक येईल. फिलिपाइन बेटांवर इ. स. १८९८ पर्यंत स्पेनचें राज्य होतें. तेथें भाजलेलें वांगें चपटें करून अंड्यांत बुडवून तळतात, तीही तोर्ता. त्याच देशांतील सेबू बेटावर मात्र तो शब्द केकाचा. आणि गोव्यांत सान्नां जशीं माडीनें आंबवितात तसें त्या केकाचें पीठ जुन्या पद्धतीनें माडीनेंच आंबवीत.

महासागराच्या दोन्ही तीरांवर ज्यावर एकमत आहे अशी एक गोष्ट या शब्दाजवळ आहे, ती म्हणजे त्याचा वाक्प्रचार. परिस्थिति पालटली, वरचा खालीं आला, कीं स्पेनमधला माणूस म्हणतो तोर्तीया उलटली, आणि मेक्सिकोचाही तेंच म्हणतो. एकाच्या डोळ्यांपुढें अंडीं असतात, दुसऱ्याच्या पुढें मका. बोलणें अडत नाहीं, कारण दोन्ही उलटाव्याच लागतात. आपल्या राजकारणी मंडळींत ‘भाकरी फिरविणें’ हा प्रयोग आहे, तो याच्या जवळचा. पण आपली भाकरी करपूं नये म्हणून मुद्दाम फिरविली जाते, त्यांची तोर्तीया बहुधा दैव फिरवितें. मेक्सिकोंत ही वस्तु केवळ बोलण्यापुरती नाहीं. मक्याचे भाव चढून तोर्तीया महागली तेव्हां इ. स. २००७ च्या जानेवारींत हजारों लोक राजधानींतील रस्त्यांवर उतरले होते, आणि सरकारला व्यापाऱ्यांशीं बोलून दरावर मर्यादा ठरवावी लागली होती.

राहिली ती गव्हाची तोर्तीया. मेक्सिकोच्या उत्तरेस सोनोरा वगैरे प्रांतांत गहूं पिकतो, म्हणून तेथें ती मैद्याची करितात, व तेथूनच ती संयुक्त संस्थानांत गेली. आपल्या शहरांतील पाकिटांतली ती बहुधा याच वंशाची. इ. स. १९८५ च्या नोव्हेंबरांत रोदोल्फो नेरी वेला हे मेक्सिकोचे पहिले अंतराळवीर ‘अटलांटिस’ यानांतून गेले तेव्हां त्यांनीं आपल्या शिध्यांत तोर्तीया मागून घेतल्या. यानांतील अधिकाऱ्यांस तोंवर पावाच्या चुऱ्यानें जेरीस आणिलें होतें; वजनहीन अवस्थेंत तो चुरा हवेंत तरंगतो आणि यंत्रांत व डोळ्यांत जातो. तोर्तीयेचा चुरा होत नाहीं. ती गुंडाळली कीं आंतला पदार्थही आंतच राहतो, आणि ताटाची गरज पडत नाहीं. तेव्हांपासून अमेरिकन अंतराळवीरांच्या शिध्यांत पावाची जागा तिनें घेतली आहे.